तितराचं मीठपाणी

आमच्या घरात रानपाखरू आणल्या आणल्या चुलीवर चढत नसे. फासेपारधी तितरं घेऊन यायचा. दोन तितरांना आई त्याच्या झोळीत अधुलीभर ज्वारी ओतायची. पाखरू साफ झालं की आजी गाडग्यात दोन तांबे पाणी घ्यायची, त्यात मूठभर खडेमीठ अन् चिमूटभर हळद विरघळवायची आणि तितर बुडवून ठेवायची. दुपारी ठेवलेलं दिवेलागणीला काढायची. तोवर पाणी तांबूस झालेलं असायचं.

"आरं, हे काय खुराड्यातलं कोंबडं हाय व्हय? रानात धावून धावून हाडाला चिकटलंय. पिऊ दे त्याला पानी," आजी म्हणायची.

ते खरंच होतं. तितराच्या अंगावर चरबी नावाला. तसंच शिजवलं तर वातड, कोरडं लागतं. मिठाचं पाणी आत मुरलं की मांसाचे धागे सैल होतात, शिजतानाही ओल धरून ठेवतात. रश्शात मग मीठ बेतानं घालायचं.

1972 च्या दुष्काळात आमच्या कणगीत दाणा नव्हता. आई-वडील खडी फोडायला जायचे. पारधी आला, तेव्हा आईनं रेशनची तांबडी मिलो दिली. त्यानं मुकाट घेतली. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत तो आमच्याच अंगणात वडलांशी बोलत बसला होता. त्याच सांजेला गावात चोरी झाली. सकाळी पोलीस त्याला घेऊन गेले.

इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं पारध्यांवरही तोच शिक्का बसला. 1952 साली कायदा गेला, पण वीस वर्षांनंतरही गावाच्या मनातून शिक्का गेला नव्हता. वडलांनी एक शब्द सांगितला असता तर तो सुटला असता. वडील चावडीवर गेले नाहीत. आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पारधी पुन्हा आमच्या दारात आला नाही.

त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. आज तितर धरणं गुन्हा आहे, आणि ते बरंच आहे. पहाटे बांधाकडून तितराची हाक येते, ती ऐकावी. मिठाच्या पाण्यात आता आम्ही गावठी कोंबडा ठेवतो. सुनेला आजीची रीत सांगितली, तेव्हा तिनं विचारलं, "मामा, त्या पारध्याचं नाव काय होतं?"

इतकी वर्षं त्याच्या हातचं खाल्लं, पण नाव आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.