पहारेकऱ्याचा कंदील

रात्रीच्या काळोखात कंदील घेऊन गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्याची एक अडचण फार जुनी आहे. कंदिलाच्या उजेडात त्याला जेवढे दिसते, त्याहून कितीतरी दुरून तो स्वतः दुसऱ्यांना दिसतो. चोर नजरेस पडावा म्हणून कंदिलाचा प्रकाश चोरापर्यंत जाऊन पुन्हा पहारेकऱ्याच्या डोळ्यांपर्यंत यावा लागतो. चोराचे काम मात्र प्रकाशाच्या एकाच खेपेत भागते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रस्त्यांवरील वेगमर्यादेचा पहारा रडारकडे सोपविण्यात आला, तेव्हा हीच अडचण नव्या रूपाने पुढे आली. तिच्यातूनच रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांच्या रडारची आगाऊ चाहूल देणारे मोटारीतील छोटे यंत्र, जन्माला आले. स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या वेगप्रेमी मंडळींत तर हे यंत्र कोणते निवडावे आणि गाडीत कोठे बसवावे, याचे एक शास्त्रच तयार झाले. त्या शास्त्राच्या इतिहासात विज्ञान, कायदा आणि मनुष्यस्वभाव यांची ओढाताण फार स्पष्ट दिसते.

या कथेचा पाया १८४२ साली प्राग शहरात घातला गेला. उगम आणि निरीक्षक एकमेकांजवळ येत असतील तर लहरींची कंपनसंख्या वाढलेली भासते व दूर जात असतील तर घटलेली भासते, हे तत्त्व ख्रिश्चन डॉप्लर यांनी त्या वर्षी मांडले. फलाटावरून न थांबता निघून जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर अकस्मात उतरतो, हा आपला नित्याचा अनुभव त्याच तत्त्वाचे उदाहरण होय. १८४५ साली हॉलंडमध्ये बॉइस बॅलट यांनी आगगाडीवर वादक बसवून त्याची प्रत्यक्ष परीक्षाही घेतली. पुढे हाइनरिख हर्ट्‌झ यांनी रेडिओ लहरींचे अस्तित्व सिद्ध केले आणि १८९० नंतरच्या दशकात कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले. अशा लहरी टिपण्यासाठी त्यांनी गॅलिना या खनिजाचा स्फटिक वापरला आणि १९०४ साली त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना मिळाले. पोलिसांच्या आजच्या रडारमधील सर्वांत आखूड लहरी साडेआठ-नऊ मिलिमीटरांच्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या यंत्राच्या पूर्वजांत एका भारतीयाचे स्थान किती जवळचे आहे ते उमगते.

१९३५ साली इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्री येथे रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी विमानावरून परावर्तित झालेल्या रेडिओ लहरी टिपून दाखविल्या आणि युद्धकाळात रडारची झपाट्याने वाढ झाली. युद्ध संपल्यावर ही विद्या रस्त्यावर उतरली. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ‘ऑटोमॅटिक सिग्नल’ या कंपनीतील जॉन बार्कर आणि बेन मिडलॉक यांनी डॉप्लर-तत्त्वावर चालणारे वेगमापक रडार तयार केले. १९४७ साली तेथील राज्य पोलिसांनी ग्लॅस्टनबरी येथे त्याची चाचणी घेतली. आरंभी वाहतुकीची पाहणी करणे व चालकांना ताकीद देणे एवढेच त्याचे काम होते. परंतु फेब्रुवारी १९४९ पासून त्याच्या नोंदीवर दंडाच्या चिठ्ठ्या फाडल्या जाऊ लागल्या. दैवाचा विनोद असा, की पुढील दशकात कॅनडामध्ये मोटारीतून जात असता खुद्द वॉटसन-वॉट अशाच एका रडारच्या तावडीत सापडले आणि त्यांना दंड भरावा लागला.

या रडारचे काम तत्त्वतः सरळ आहे. यंत्रातून सूक्ष्म लहरींचा झोत निघतो, समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळून परततो आणि परतताना त्याची कंपनसंख्या किंचित वाढलेली असते. पोलिसांच्या ‘एक्स’ पट्ट्यातील रडार १०.५२५ गिगॅहर्ट्‌झवर चालते. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी मोटार त्या लहरीत सेकंदाला सुमारे १९५० कंपनांची भर घालते. मूळ लहरीच्या मानाने ही भर अगदी क्षुल्लक असली, तरी यंत्र ती अचूक मोजते आणि तिच्यावरून वेगाचा आकडा दाखविते.

परंतु कंदिलाची अडचण येथेही सुटत नाही. अंतर दुप्पट झाले, तर मोटारीपर्यंत पोचणारी शक्ती एक-चतुर्थांश होते. तेथून उलटून पोलिसांपर्यंत येणारी शक्ती मात्र एक-षोडशांशावर येते. म्हणजे मोटारीत चांगला ग्राहक बसविला, तर पोलिसांच्या रडारला मोटारीचा वेग कळण्याच्या कितीतरी आधी चालकाला रडारची चाहूल लागते. शिवाय हा झोत पुढील गाड्या, पाट्या, पुलांचे कठडे यांवरून विखुरतो आणि वळणापलीकडेही थोडाबहुत पोचतो. रडार डिटेक्टरचे सारे सामर्थ्य या एका गणितात आहे.

तरीही पहिली पंचवीस वर्षे या यंत्राला फारशी मागणी नव्हती. ती निर्माण केली १९७३ च्या तेलटंचाईने. पेट्रोलची बचत व्हावी म्हणून २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि सर्व अमेरिकेत ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांची, वेगमर्यादा आली. ताशी ७० मैलांसाठी बांधलेल्या सरळ, रुंद रस्त्यांवर ही मर्यादा अनेकांना जाचक वाटली. मालमोटारींचे चालक सी. बी. रेडिओवरून एकमेकांना पोलिसांच्या खबरा देऊ लागले. याच सुमारास ओहायो राज्यातील डेल स्मिथ यांच्या ‘फझबस्टर’ या डिटेक्टरने बाजारपेठ काबीज केली. दुसऱ्या बाजूचा आकडाही सांगितला पाहिजे. १९७३ साली अमेरिकेच्या रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसे मृत्यू पावली होती; १९७४ साली ही संख्या सुमारे ४५ हजारांवर आली. वाहतूकच कमी झाली हे त्याचे एक कारण होते, आणि मंदावलेला वेग हे दुसरे.

फझबस्टरची रचना साधी होती. स्फटिकावर पडणारी सूक्ष्म लहर ओळखावयाची आणि दिवा लावून आवाज करावयाचा, एवढेच ते जाणे. त्याला दूरचे ऐकू येत नसे. १९७८ साली सिनसिनाटी शहरातील जिम जेगर आणि माइक व्हॅलेंटाइन या दोघा तरुण अभियंत्यांनी ‘एस्कॉर्ट’ नावाचा डिटेक्टर बाजारात आणला. आपल्या घरच्या रेडिओत जी सुपरहेटरोडाइन पद्धत असते, तीच त्यांनी येथे योजली. म्हणजे यंत्रातच एक लहर निर्माण करून ती बाहेरून आलेल्या लहरीत मिसळावयाची आणि त्या मिश्रणातून क्षीण संकेत वेगळा काढावयाचा. त्यामुळे पोलिसांची चाहूल फार दुरून लागू लागली. १९७९ च्या आरंभी ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकाने निरनिराळ्या डिटेक्टरांची तुलनात्मक परीक्षा घेऊन एस्कॉर्टला पहिला क्रमांक दिला आणि हे यंत्र वेगप्रेमींच्या चर्चेचा विषय झाले.

त्याच मासिकाशी निगडित असलेले ब्रॉक येट्स यांनी न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियापर्यंतची ‘कॅननबॉल’ ही बेकायदा धाव १९७१ साली सुरू केली होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात येट्स आणि डॅन गर्नी यांनी फेरारी डेटोना गाडीने हे अंतर ३५ तास ५४ मिनिटांत तोडले. १९७९ च्या अखेरच्या धावेत एका जॅग्वार गाडीने ते ३२ तास ५१ मिनिटांवर आणले. डिटेक्टर आणि सी. बी. रेडिओ हे तोवर अशा धावेतील नेहमीचे साहित्य होऊन बसले होते.

मग निवडीचे शास्त्र वाढले. पहिली कसोटी दूरचे ऐकू येण्याची, आणि दुसरी, तिच्याहून कठीण, विवेकाची. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे पोलिसांच्या रडारला लागून असलेल्याच लहरी वापरतात. अलीकडे तर शेजारून जाणाऱ्या मोटारींतही ‘के’ पट्ट्याजवळ, २४ गिगॅहर्ट्‌झच्या आसपास, चालणारी छोटी रडारे असतात. सदानकदा ओरडणाऱ्या राखणदाराकडे घरातील माणसे लक्ष देईनाशी होतात. तसेच खोट्या इशाऱ्यांना कंटाळलेला चालक डिटेक्टर बंद करून टाकतो. तिसरी कसोटी दिशेची. १९९२ साली व्हॅलेंटाइन यांनी पुढे एक व मागे एक असे दोन अँटेना असलेला ‘व्हॅलेंटाइन वन’ आणला. त्यावरील बाण धोका समोर आहे, बाजूला आहे की मागे पडला, हे दाखवीत.

बसविण्याच्या बाबतीत स्पोर्ट्स कार ही मोठी हट्टी गाडी. ती बुटकी, समोरची काच फार तिरपी, मागची काच अरुंद. सूक्ष्म लहरी काचेतून पार होतात, धातूतून होत नाहीत. म्हणून काचेवर धातूचा पातळ लेप असेल तर डिटेक्टर अर्धाअधिक बहिरा होतो. गाडी बुटकी असल्याने यंत्र शक्य तेवढे उंच, आरशाजवळ बसवावे, ते रस्त्याला समांतर राहावे आणि वायपर त्याच्या आड येऊ नये, असा नियम ठरला. ताठ स्प्रिंगांमुळे अशी गाडी फार हादरते. तेव्हा बैठक पक्की हवी. सिगारेट-लायटरमधून वीज घेतली तर वायर गिअरच्या दांड्यावर लोंबते. म्हणून जाणकार कारागीर चावी फिरविल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून वायर काढून छताच्या अस्तराआडून नेतो. थांबलेल्या गाडीची बॅटरी उतरू नये हा त्यात हेतू. नव्या गाडीत ती वायर एअरबॅगच्या मार्गात येऊ नये, हेही त्याला पाहावे लागते. उघड्या टपाच्या गाडीतून यंत्र चोरीस जाण्याचे भय असते. त्यावर तोड म्हणून ग्राहक पुढील जाळीमागे दडवून फक्त छोटा दर्शक आत ठेवण्याची पद्धत निघाली. फायबरग्लासच्या बॉडीची कॉर्व्हेट रडारला दिसतच नाही, अशी एक समजूत होती. फायबरग्लासमधून लहरी पार होतात हे खरे. पण आतील इंजिन आणि रेडिएटर धातूचेच असतात आणि तेवढे प्रतिध्वनी पाठविण्यास पुरे होतात.

पोलिसही स्वस्थ बसले नाहीत. कंदील सतत पेटता ठेवण्याचे त्यांनी सोडले. गाडी टप्प्यात आल्यावर क्षणभर रडार चालू करावयाचे, अशी युक्ती निघाली. समोरच्या एखाद्या गाडीवर आधी झोत पडला तरच मागच्याला सूचना मिळे. रस्ता रिकामा असेल तर इशारा आणि दंड एकाच वेळी हाती येत. १९९० च्या सुमारास डिटेक्टर शोधणारेच यंत्र आले. सुपरहेटरोडाइन पद्धतीत ग्राहक स्वतःच एक लहर निर्माण करतो आणि तिचा अंश बाहेर झिरपतो. पोलिसांनी तोच टिपला. लपून ऐकणाऱ्याच्या हातीही एक मिणमिणता दिवा आहे, हे अशा रीतीने उघडकीस आले. पाठोपाठ लेसरची बंदूक आली. तिचा झोत ३०० मीटरांवरही जेमतेम मीटरभर रुंद असतो; तो डिटेक्टरपर्यंत पोचला, तर बहुधा वेग आधीच मोजला गेलेला असतो.

न्यायालयांपुढे मात्र प्रश्न सोपा नव्हता. आकाशातून आपल्या गाडीवर येऊन पडणारी लहर ऐकण्याची बंदी असू शकते काय? व्हर्जिनिया राज्याने १९६२ पासून डिटेक्टरला मज्जाव केला. बहुतेक राज्यांनी खासगी मोटारींना तो मोकळा ठेवला. जड मालवाहू वाहनांना १९९४ पासून सर्व देशात बंदी झाली. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने १९९८ साली असा निर्णय दिला, की पोलिसांचा रडारझोत हा कोणी कोणाला पाठविलेला संदेश नव्हे; तेव्हा तो टिपणे हा संदेशाच्या चोरीचा गुन्हा होत नाही. रडारही निर्दोष नव्हते. १९७९ साली फ्लॉरिडात एका दूरचित्रवाणी वार्तापत्राने रडारकरवी ताडाच्या झाडाचा वेग ताशी ८६ मैल असल्याचे दाखविले आणि मायामीतील न्यायाधीशांनी रडारचा पुरावा नाकारला. वापरणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुकांकडे त्यामुळे सर्वांचे लक्ष वेधले आणि पोलिसांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. डिटेक्टर बाळगणारा प्रत्येक जण लबाड नव्हता. काहींना तो चुकीच्या आरोपाविरुद्धचा साक्षीदार वाटे.

५५ मैलांची राष्ट्रीय मर्यादा १९९५ साली रद्द झाली. रस्त्यावरचा पहाराही बदलला. आता अनेक देशांत दोन ठिकाणी छायाचित्रे घेऊन मधल्या अंतरावरून सरासरी वेग काढतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही २०२४ पासून कॅमेऱ्यांच्या साहाय्याने वेग तपासण्याची व्यवस्था सुरू झाली आहे. गाडीचा क्रमांक टिपणारा कॅमेरा नुसता पाहतो. त्याला झोत सोडून वेग मोजावा लागत नाही. कंदीलच नसला, तर त्याचा उजेड दुरून पाहणाराने काय करावे?

या साऱ्या इतिहासात उभय पक्षांनी अपार बुद्धी वेचली आणि तिच्याबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही. परंतु सर्वांत कुशल डिटेक्टरलाही एका गोष्टीची चाहूल कधी लागली नाही. ताशी १०० किलोमीटरांवरून वेग १४० वर नेला, की गाडीची गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते आणि ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. हे गणित कोणत्याही लहरीवरून प्रक्षेपित होत नाही. वळणापलीकडे रस्ता ओलांडणारे मूल किंवा बंद पडलेली बैलगाडी कसलाही झोत सोडत नाही. तेथे आरशाजवळचे यंत्र गप्प असते, आणि वेग किती ठेवावा हे चालकाला स्वतःच्या विवेकानेच ठरवावे लागते.