सावलीतला पारा, उन्हातला माणूस

मे महिन्यात वर्तमानपत्रात बीडचा पारा ४१ अंशांवर गेल्याची बातमी येते. हा पारा उन्हातला नसतो. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, म्हणजे सावलीत तो मोजलेला असतो. ही पेटी एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने बनवली. दीपगृहे बांधणारा हा माणूस कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. ठिकठिकाणच्या हवेची तुलना करायला पेटी उत्तम. पण हवेचे तापमान वेगळे आणि माणसाला होणारा ताप वेगळा.

आपल्या भाषेला हा फरक ठाऊक आहे. मुंबईकर उकाड्याने हैराण होतो, कारण घाम वाळत नाही. बीडकराला चटका बसतो तो उन्हाचा आणि तापल्या जमिनीचा. झळ लागते ती वाऱ्याची. हे सारे मोजायला शास्त्राला मात्र वेळ लागला.

१९२३ मध्ये अमेरिकेत हाउटन आणि यागलू यांनी खोल्यांत माणसे ठेवून तापमान आणि दमटपणा यांचा एकत्रित परिणाम मांडला. पुढे इंग्लंडमध्ये व्हर्नन यांनी काळा रंगवलेला तांब्याचा पोकळ गोळा वापरात आणला. त्यातला पारा उष्ण प्रारणही टिपतो. इकडे पुण्यात १९३२ साली हवामान खात्याचा कृषी विभाग सुरू झाला. तिथे एल. ए. रामदास यांनी पेटीबाहेर येऊन जमिनीलगतच्या हवेचे थर मोजले. पिकासाठी पारा शेतात उतरला होता. मजुरासाठी तो उतरायचा होता.

माणसासाठी तो मैदानात आला सैन्यामुळे. अमेरिकेच्या पॅरिस आयलंड छावणीत कवायत करणारे रंगरूट उष्माघाताने कोसळत. १९५७ साली यागलू आणि मिनार्ड यांनी त्यावर एक सूत्र प्रसिद्ध केले : ओल्या फडक्यातल्या पाऱ्याचे सात भाग, काळ्या गोळ्याचे दोन आणि साध्या पाऱ्याचा एक. ठरावीक आकड्यापुढे कवायत बंद.

हे सूत्र दोन हवामानांना लावून पाहू. बीडमध्ये ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओला पारा २३ च्या आसपास राहतो. मुंबईत ३४ अंशांना ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तो २८ वर जातो. म्हणूनच किनाऱ्यावर कमी पाराही घातक ठरतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभात उष्म्याने १४ माणसे गेली, तेव्हा परिसरात तापमान ३८ च्या आसपास नोंदले गेले होते.

म्हणून बीड सुखी ठरत नाही. भर उन्हात काळा गोळा ५५ वर गेला असे धरा. सूत्राचा आकडा ३१ येतो. सरावलेल्या माणसाच्या जड कामासाठी आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा आहे साधारण २६. शिवाय कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले ते कळतही नाही.

अलीकडे जगभर वापरला जाणारा सार्वत्रिक औष्णिक निर्देशांक वारा, ऊन, दमटपणा सगळे हिशेबात घेतो. पण त्यातला नमुना माणूस ताशी चार किलोमीटर वेगाने चालतो. बीडची ऊसतोड कामगार बाई साडीवर पुरुषी शर्ट चढवते, डोक्याला फडके बांधते, ऊस तोडते आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. तो नमुना तिचा नाही.

२०२१-२२ चा गाळप हंगाम ऊस उदंड झाल्याने जूनपर्यंत लांबला. त्यातला मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला होता. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर व्हायला पेटीतला पारा किमान ४० व्हावा लागतो. तो ३८ वर असेल, तर फडातल्या कोयत्यापर्यंत इशारा पोहोचतच नाही.

तीन पारे फडाच्या बांधावर मांडणे अवघड नाही. अवघड आहे पुढचे. रंगरुटाची कवायत थांबली तरी त्याचा पगार कापला जात नव्हता. इथे मजुरी टनावर मिळते आणि उचल आधीच घेतलेली असते. दुपारी कोयता थांबला की टन कमी भरतात. बांधावरचा आकडा २६ च्या वर गेला, तर त्या तासांची मजुरी कोण देणार, हे ठरल्याशिवाय ते मोजमाप कामगाराच्या उपयोगाचे नाही.