कलम २९५-अ ची जन्मकथा

दुसऱ्याच्या धर्माची विटंबना करणारास शासन करणारें एक कलम आपल्या फौजदारी कायद्यांत आहे. पिनल कोडांत तें २९५-अ होतें. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेंत त्याचा क्रमांक २९९ झाला. १८६० च्या मूळ कायद्यांत तें नव्हतें. तें १९२७ सालीं लाहोरच्या रस्त्यांवर जन्मास आलें, असें म्हटलें तरी चालेल.

१९२४ मध्यें लाहोरास 'रंगीला रसूल' नांवाची एक उर्दू पुस्तिका निघाली. तींत पैगंबरांच्या खासगी जीवनाची कुचेष्टा होती. लेखकानें नांव घातलें नव्हतें. प्रकाशक राजपाल यांनींही तें सांगितलें नाहीं. गांधीजींनीं त्याच वर्षीं 'यंग इंडिया'त पुस्तिकेचा निषेध केला. खटला तीन वर्षें रेंगाळला. खालच्या न्यायालयांत शिक्षा झाली, परंतु मे १९२७ मध्यें उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति दलीप सिंग यांनीं राजपाल यांस सोडून दिलें.

हा निकाल नीट समजून घेण्यासारखा आहे. पुस्तिका गलिच्छ आहे, तिनें मुसलमानांचीं मनें दुखावणें साहजिक आहे, हें न्यायमूर्तींस मान्य होतें. त्यांचें म्हणणें इतकेंच, कीं कलम १५३-अ हें समाजासमाजांत वैर पेटविणारासाठीं आहे. लोकांना राग आला एवढ्यावरून तें लावूं लागलों, तर पैगंबरांचें चरित्र तपासणारा गंभीर इतिहासकारही त्यांत सांपडेल.

पण क्षुब्ध जमाव निकालपत्र वाचीत नाहीं. सभा झाल्या, ख्रिस्ती असलेल्या या न्यायमूर्तींच्या राजीनाम्याची मागणी झाली. 'मुस्लिम आउटलुक' पत्राच्या संपादकास न्यायालयाच्या बेअदबीबद्दल तुरुंगांत जावें लागलें. गंमत अशी, कीं ऑगस्टमध्यें अमृतसरच्या एका मासिकांतील लेखाबद्दल त्याच उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीं त्याच १५३-अ खालीं शिक्षा दिली. म्हणजे जुनें कलम पुरेसें ठरलें होतें! तरीही सप्टेंबरांत मध्यवर्ती विधिमंडळानें नवें कलम केलें. शाळेंत तीस वर्षें मुलांचीं भांडणें सोडविलेल्या मला ही घाई अपरिचित नाहीं.

मात्र त्या कलमांत 'बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूनें' असे शब्द आले, हें महत्त्वाचें. धर्माची प्रामाणिक चिकित्सा व इतिहासलेखन यांस संरक्षण हवें, असें त्या वेळीं महंमद अली जीना यांनीं विधिमंडळांत बजावलें होतें. ज्या पुण्यांत आगरकरांची त्यांच्या हयातींतच प्रेतयात्रा निघाली, तेथील माणसास या इशाऱ्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. १९५७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हें कलम वैध ठरविलें, तेंही मुख्यतः या हेतूच्या अटीवर बोट ठेवून. सहज वा अजाणतां झालेला अवमान त्यांत येत नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. १९६१ मध्यें शिक्षेची मर्यादा दोन वर्षांवरून तीन झाली. अडचण ही, कीं हेतु ठरतो खटल्याच्या शेवटीं, आणि अटक होते आरंभीं.

लाहोरांत मात्र प्रकरण कायद्यानें मिटलें नाहीं. राजपाल यांच्यावर हल्ले होतच होते. ६ एप्रिल १९२९ रोजीं इल्मुद्दीन नांवाच्या तरुणानें त्यांच्या दुकानांत शिरून त्यांना भोसकून ठार केलें. अपिलांत त्याची फांशी टळावी म्हणून जे वकील उभे राहिले, ते जीनाच. अपील फेटाळलें गेलें आणि ३१ ऑक्टोबर १९२९ रोजीं मियांवालीच्या तुरुंगांत इल्मुद्दीन यास फांशी दिलें.