विद्यापीठाआधीची विद्यार्थिसभा

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, हे आपण शाळेतच शिकतो. त्याच शहरातील विद्यार्थ्यांनी त्याआधी नऊ वर्षे, म्हणजे १८४८ साली, आपली स्वतःची विद्यासभा उभी केली होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. एल्फिन्स्टन संस्थेतील आजी-माजी विद्यार्थी व तरुण शिक्षक यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने स्थापिलेल्या या सभेचे नाव होते ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’. आज महाविद्यालयांच्या निरनिराळ्या विभागांत वाङ्मय मंडळ, इतिहास मंडळ, विज्ञान मंडळ अशी विद्यार्थ्यांनी चालविलेली मंडळे आढळतात. त्यांचा पूर्वेतिहास शोधू लागल्यास आपण या सभेपाशी येऊन पोहोचतो.

सभेची रीत साधी होती. सभासदाने एखाद्या विषयावर निबंध लिहावा, तो इतरांसमोर वाचावा आणि मग त्यावर चर्चा व्हावी. या कामाला परीक्षेत गुण नव्हते. मुख्य सभेतील निबंध इंग्रजीत असत. परंतु इंग्रजी जाणणारे शहरात मूठभरच होते. जे आपण शिकलो ते आपल्याच घरच्यांना सांगता येत नसेल तर त्या विद्येचा उपयोग काय, हा प्रश्न या तरुणांपुढे लवकरच उभा राहिला. त्यातून सभेच्या दोन देशी भाषांतील शाखा निघाल्या: एक गुजराती, दुसरी मराठी. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे आले. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही निघू लागले.

भाषेच्या दृष्टीने या शाखेचे महत्त्व मोठे आहे. इंग्रजीत शिकलेली गोष्ट इंग्रजी न जाणणाऱ्या श्रोत्याला समजावून सांगताना शब्द अडतो. मग तो संस्कृतातून घ्यावा लागतो, बोलीतून उचलावा लागतो, कधी इंग्रजी शब्दच मराठी वळणाने ठेवावा लागतो. समोरच्याला कळले की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर तत्काळ दिसते आणि न कळलेला शब्द पुढच्या वेळी बदलता येतो. मराठीच्या शास्त्रीय गद्याची जी घडण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झाली, तिच्यात अशा व्याख्यानांचा आणि मासिकांचा वाटा आहे.

सभा निबंधांवर थांबली नाही. स्त्रीशिक्षणावर वाचलेल्या एका निबंधानंतर, बोलण्यापेक्षा काही करून दाखवा, असे आव्हान सभासदांना मिळाले आणि १८४९ साली सभेने मुलींच्या शाळा सुरू केल्या. शिकविणारे हे तरुणच होते. सकाळी, आपल्या नित्य कामास लागण्यापूर्वी, ते विनावेतन शिकवीत. दादाभाई नौरोजी त्यांपैकी एक. मुलींना शाळेत पाठवा, असे सांगत आपण घरोघर हिंडलो, काहींनी स्वागत केले, तर काहींनी जिन्यावरून खाली लोटून देण्याची धमकी दिली, अशी आठवण त्यांनी पुढे नमूद केली आहे. मराठी मुलींच्या शाळेच्या पाठीशी जगन्नाथ शंकरशेट उभे राहिले.

यानंतर विद्यापीठ आले. १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आरंभी विद्यापीठाच्या परीक्षांना मराठी घेता येत असे. परंतु त्याच दशकात देशी भाषांना बाजूला सारून त्यांच्या जागी अभिजात भाषा आणण्यात आल्या. मराठीला पुन्हा विद्यापीठात स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी दीर्घकाळ खटपट केली. १९०१ साली एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा समावेश झाला, तो त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस. मधल्या काळात मराठी विद्येचे काम मुख्यतः सभा, मासिके आणि व्याख्यानमाला यांनी चालविले. ज्या भाषेला परीक्षेत जागा नव्हती, तिच्यातून लिहिणारे व बोलणारे लोक या ठिकाणी तयार होत होते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी भाषकांना हा इतिहास केवळ स्मरणासाठी नको आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क संविधानात आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरविण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे तो सांगतो; परंतु केवळ प्राथमिक टप्प्यापुरते. अनुच्छेद २९ भाषा जतन करण्याचा आणि अनुच्छेद ३० शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क देतो. पदवीच्या वर्गात बसलेल्या मराठी मुलाला त्याच्या भाषेत विषय समजावून देण्याचे कर्तव्य यांपैकी कोणताही अनुच्छेद स्पष्ट शब्दांत कोणावर टाकीत नाही. ती पोकळी विद्यार्थ्यांनाच भरून काढावी लागते.

मी स्वतः तिचा अनुभव घेतला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून विधी महाविद्यालयात आलो, तेव्हा पहिले काही महिने व्याख्याने डोक्यावरून जात. आमच्या वरच्या वर्गातील चौघे जण रविवारी सकाळी व्हरांड्यात आम्हांला घेऊन बसत. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे प्रतिफल, ‘टॉर्ट’ म्हणजे अपकृत्य, असे शब्द सांगून ते गावातल्या बांधाच्या भांडणाची उदाहरणे देत. करार-कायदा मला त्या व्हरांड्यात कळला. पुढच्या वर्षी तेथे शिकविण्याची पाळी आमची होती.

गेल्या वर्षी सीमाभागातील एका महाविद्यालयात बोलावयास गेलो होतो. मराठीच्या प्राध्यापकांची जागा त्यांच्या निवृत्तीनंतर भरलेली नव्हती आणि त्यांच्याबरोबर वाङ्मय मंडळही थांबले होते. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, प्राध्यापकच नाहीत. मंडळ काढायला आम्हांला परवानगी कोण देणार?” मी सांगितले की, महाविद्यालयाची खोली वापरायची तर प्राचार्यांची संमती घ्यावी लागेल; पण संघटना स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) ने प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. मग १८४८ ची हकिकत सांगितली.

दोन महिन्यांनी त्या मुलांचे निमंत्रण आले. खोली मिळाली नव्हती. बैठक एका सभासदाच्या घरी, माडीवर होती. वाणिज्य शाखेच्या एका मुलीने आपल्या वडिलांच्या शेताच्या कागदपत्रांतील शब्दांवर निबंध वाचला. ‘उतारा’ हा शब्द आपल्या भागातील कानडी आणि मराठी शेतकरी सारखाच वापरतो, हे तिने दाखविले. ऐकायला अकरा जण होते. निबंध संपल्यावर प्रश्नोत्तरे तासभर चालली आणि पुढच्या रविवारच्या निबंधासाठी दोघांनी नावे दिली.