रविवार कोणाचा? मुंबईच्या गिरण्या आणि साप्ताहिक सुट्टीचा लढा

१८८० च्या सुमारास मुंबईतील सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत. राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि प्रभुवारी कामकाज थांबविणे हा त्यांच्या कारभाराचा शिरस्ता होता. परंतु परळ-ताडदेवच्या गिरण्यांना हा शिरस्ता लागू नव्हता. ज्या रविवारी कापड निघत नसे, त्या रविवारीही यंत्रे पुसून साफ करण्यासाठी कामगारांना अर्धा दिवस बोलाविले जाई. ख्रिस्ती राज्यात या कामगाराला रविवार मिळाला तो मात्र एका सत्यशोधक पुढाऱ्यामुळे, आणि त्याने आधार घेतला तो जेजुरीच्या खंडोबाचा. ही हकिकत आम्हां धर्मसेवकांच्या वाचनात क्वचितच येते, म्हणून ती येथे काहीशी विस्ताराने मांडीत आहोत.

मुंबईच्या गिरणीचा संबंध अमेरिकेशीही पोहोचतो. कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ मध्येच ताडदेवला सुरू झाली होती. पण १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती अचानक अमाप पैसा आला. युद्ध संपताच १८६५ मध्ये तो फुगा फुटला व कित्येक घराणी बुडाली. त्यातून जे सावरले त्यांनी पुढे गिरण्या काढल्या. शतकाच्या अखेरीस शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात लॉवेल येथे गिरण्या निघाल्या तेव्हा भोवतालच्या शेतकऱ्यांच्या तरुण मुली तेथे कामास गेल्या आणि गिरणीच्या वसतिगृहांत राहिल्या. १८४५ मध्ये याच मुलींनी दहा तासांच्या दिवसासाठी विधिमंडळाकडे अर्ज केले. मुंबईत आला तो प्रामुख्याने रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतील पुरुष. बायकामुले गावी, भाताचे खाचर गावी, आणि तो स्वतः चाळीतील एका खोलीत दहा-पंधराजणांबरोबर. जेवणासाठी खाणावळ. नोकरी देणारा जॉबर, काढणारा जॉबर, आणि दस्तुरी घेणाराही तोच. पगार महिना उलटून गेल्यावर हाती पडे, तोवर वाण्याची उधारी चाले. एका दिवसाच्या खाड्याबद्दल दोन दिवसांचा पगार कापण्याची चाल अनेक ठिकाणी होती. विजेचे दिवे आले नव्हते, म्हणून दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. उन्हाळ्यात ते तेरा तासांवर जाई. सूर्य लांबला की श्रमही लांबत.

१८८१ मध्ये कारखान्यांचा पहिला कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली आणि त्यांना महिन्यात चार सुट्या दिल्या. शंभरांहून कमी माणसे असलेले कारखाने त्यातून सुटले. प्रौढ पुरुष व स्त्रिया यांच्याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या सद्गृहस्थांनी या कायद्यासाठी कळकळीने खटपट केली होती, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. त्याच वेळी लँकेशायरचे गिरणीवालेही अशा कायद्याचा आग्रह धरीत होते, कारण मुंबईचे स्वस्त सूत त्यांना जड जाऊ लागले होते. राष्ट्रीय वृत्तीच्या अनेक पत्रांनी कायद्याला विरोध केला तो याच कारणाने: हा परकीय धंद्याचा डाव आहे, असे ते म्हणत. त्यांचा संशय निराधार नव्हता. पण सात वर्षांच्या मुलाला या वादाचा काय उपयोग? स्वार्थी हेतूने मागितलेले संरक्षणही त्याच्या दृष्टीने संरक्षणच होते. शासनाचे व दात्यांचे हेतू तपासण्यात आपणही पुष्कळदा वेळ दवडतो, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल झाले, आणि तेथे त्यांनी कामगाराचे जिणे जवळून पाहिले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ पत्र १८८० मध्ये त्यांनी मुंबईत चालविण्यास घेतले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या चौकशी मंडळापुढे ठेवला. मागण्या अशा होत्या: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि कामावर जायबंदी झालेल्यास भरपाई. आज वाचताना त्या फार माफक वाटतात. त्या मान्य होण्यास मात्र वर्षे गेली, आणि भरपाईचा कायदा तर १९२३ मध्ये झाला.

रविवारच का, याचे लोखंडे यांनी दिलेले उत्तर लक्ष देण्याजोगे आहे. रविवार हा खंडोबाचा वार. कामगाराला त्या दिवशी आपल्या दैवताची सेवा करता आली पाहिजे आणि घरादाराचे पाहता आले पाहिजे. राज्यकर्त्यांचा वार आणि बहुजनांच्या कुलदैवताचा वार एकच निघाला, हे त्यांनी अचूक हेरले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

आपल्यापैकी काहींना येथे अवघडल्यासारखे होईल. शब्बाथ पाळण्याची आज्ञा आपण शिकवितो ती बहुधा निर्गमाच्या विसाव्या अध्यायातून: परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. हीच आज्ञा अनुवादाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा येते, पण तेथे कारण निराळे आहे. तुझ्या दासाला व दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास. पहिल्या कारणात उपासना पुढे आहे, दुसऱ्यात श्रमिकाची सुटका. मुंबईच्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी पहिले कारण कचेरीपुरते पाळले. दुसरे गिरणीच्या दारात थांबले. तेथे त्याला आत नेणारा मनुष्य आपल्या देवळातला नव्हता, हे मान्य करण्यात आपल्या श्रद्धेला उणेपणा येतो असे आम्हांस वाटत नाही.

मार्च १८९१ मध्ये सुधारित कायदा झाला. वयाची मर्यादा नऊवर गेली, स्त्रियांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा पडली आणि साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली. त्याच वर्षी १५ मे रोजी तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्र प्रसिद्ध झाले. कामगारांना संघ स्थापन करण्याचा हक्क आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्यापूर्वी १८८७ मध्ये बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स यांनी रोमला जाऊन अमेरिकेतील ‘नाइट्स ऑफ लेबर’ या संघटनेवर बंदी येऊ नये म्हणून रदबदली केली होती. कामगार ख्रिस्तसभेपासून कायमचा दुरावेल, ही त्यांची भीती होती.

लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने वारले. त्या साथीत ते रुग्णांच्या सेवेत होते. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईच्या श्रमिक वस्तीत खरे पाऊल टाकले ते पुढे बऱ्याच वर्षांनी, क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नागपाडा येथील केंद्राच्या रूपाने. मॅनशार्ट शिकागोत शिकलेले. जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये ‘हल हाऊस’ काढले तेच हे शहर. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे जे पहिले विद्यालय निघाले, त्याचे ते पहिले संचालक झाले.

आता आमच्याकडे वळू. गलोंडा ज्या दादरा-नगर हवेलीत आहे तिची लोकसंख्या १९६१ मध्ये ५७,९६३ होती; २०११ च्या जनगणनेत ती ३,४३,७०९ झाली. ही वाढ कारखान्यांनी आणली. पोर्तुगीज अमलात जमीनदाराच्या शेतात राबणाऱ्या वारली, धोडिया, कोकणा कुटुंबांना १९७१ च्या जमीनसुधारणा कायद्याने जमिनीवर हक्क दिला. त्यांची पुढची पिढी पिपरिया, मसाट, खडोलीच्या कारखान्यांत पाळीने जाऊ लागली. मुंबईच्या कोकण्याचे गाव दूर होते. येथील तरुणाचा पाडा पाच-दहा मैलांवर असतो, तरीही कित्येक घरांत बापलेकांची गाठ आठवडा-आठवडा पडत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने बावन्नाव्या कलमात आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, सुट्टीचा ठरविला. मात्र जवळचा दुसरा दिवस देण्याची मोकळीक कारखान्याला ठेवली. म्हणून रविवारच्या उपासनेला कोण आले नाही याची नोंद घेताना धर्मशिक्षकाने पाळीची चौकशी आधी करावी. आणि आणखी एक गोष्ट विचारावी: सुट्टीच्या दिवसाचा रोज मिळतो का? ठेकेदाराकडे रोजावर असणाऱ्यास विसाव्याचा दिवस हा बिनकमाईचा दिवस असतो, आणि मग रविवारी काम मिळावे म्हणून तो स्वतःच ठेकेदाराच्या दाराशी उभा राहतो.