समजावणाऱ्याचा खर्च

सरकारी योजनेचा इतिहास लिहिताना आपण तिची घोषणा आणि रक्कम पाहतो; ती घरोघर समजावून कोणी सांगितली, आणि त्या श्रमाचा खर्च कोणी उचलला, हे क्वचितच विचारतो. मराठवाड्यातील दोन प्रसंग मला या दृष्टीने उद्बोधक वाटतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जागतिक बँकेच्या साहाय्याने घरदुरुस्ती सुरू झाली. तीत लोकसहभागाची बाजू स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे प्रकल्पाचाच एक भाग म्हणून सोपविलेली होती. गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ पुढे आल्या. सरकारी मदतीचे नियम त्या शेजारणीला शेजारणीच्याच भाषेत सांगत.

पुढे २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होते. लातूरची पाळी २०१३ मध्ये आली. पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखाचे संरक्षण मिळे. विम्याचा हप्ता सरकार भरी. मार्गदर्शनासाठी ‘आरोग्यमित्र’ नेमला, पण त्याची जागा रुग्णालयात. शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढवायचे राहून गेले असेल, तर ते कळायचे ती खाटेवर पडल्यावर!

विम्याचा हप्ता भरला म्हणजे विमा पोचला असे नव्हे. दुखणे येण्यापूर्वीच कागद तपासणारी शेजारीण गावात हवी. आणि तिच्या श्रमाची तरतूद हप्त्याच्या शेजारीच, त्याच अंदाजपत्रकात हवी. लातूरच्या भूकंपाने शिकविलेले एवढे तरी आपण विसरू नये.