बेळगावची पंप-रूम आणि जीपमधली डिझेल इंजिनं

बेळगावच्या आठवणी निघाल्या की कुंदा, मांडे आणि सीमाप्रश्न यावरच सगळे लिहितात. गॅरेजवर कोणी लिहीत नाही. आमच्या घरात कित्येक वर्षं डिझेलचा वास होता, म्हणून मीच लिहितो.

लोखंडाचं वेड या गावाला जुनंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण हात इथंच राहिले, असं आमचे थोरले काका म्हणायचे. त्यात पुरावा कमी आणि अभिमान जास्त. तरी गावातल्या फौंड्र्या आणि लेथवाले बघितले की काका अगदीच खोटं बोलत नव्हते असं वाटतं.

काकांची पंप-रूम होती, म्हणजे डिझेल इंजिनाचा फ्युएल पंप आणि नोझल दुरुस्त करायची जागा. 'इंजेक्टर' हा शब्द बिलावर, तोंडात कायम 'नोझल'. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि जीपवाले हवालदिल झाले. तेव्हाच्या जीपमध्ये २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन असायचं. ते उतरवून डिझेल चढवायची लाट आली. पुढं १९७९ मध्ये महिंद्रानं प्यूजोच्या एक्सडीपी ४.९० इंजिनाचा परवाना घेतला. ४ सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, नावातच सगळं आलं. २११२ सीसीचं ते इंजिन मग जुन्या जीपच्या पोटातही बसू लागलं.

माउंटिंग करणं, बेल हाउसिंग जुळवणं, क्लच बसवणं, हे सगळं लोकांना मोठं काम वाटायचं. काकांच्या मते ते वेल्डरचं काम. गाडी घाट चढणार की धूर ओकणार, ते बोटाएवढ्या नोझलवर ठरतं.

आता थोडं तांत्रिक, कंटाळू नका. काही डिझेल इंजिनांत तेल थेट पिस्टनच्या वाटीत फवारतात. तिथं नोझलला बारीक चार-पाच भोकं लागतात आणि दाबही जास्त, १७५ बारच्या पुढं. प्यूजोसारख्या इंजिनात हेडमध्ये छोटी गोल खोली असते, तिथं हवा भोवऱ्यासारखी फिरते. तिला एकच भोक आणि त्यात सुई असलेलं पिंटल नोझल लागतं. ते १२० बारच्या आसपास उघडतं. पिंटलचं नोझल थेट फवाऱ्याच्या इंजिनात घातलं तर एकच धार पिस्टनवर आदळते आणि पिस्टन जळतो. नोझलच्या अंगावर नंबर कोरलेला असतो. 'डीएन'नं सुरू झाला तर पिंटल, 'डीएलएलए'नं सुरू झाला तर भोकांचं. पुढच्या आकड्यांत फवाऱ्याचा कोन वगैरे. बंगळूरच्या मायकोचा माल मिळू लागला आणि हे नंबर काकांना नातेवाइकांच्या नावांसारखे पाठ झाले.

एक चंदगडची जीप आठवते. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यं झाली, तो कोल्हापूरला गेला, आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. पण बाजार, दवाखाना आणि गॅरेज यांसाठी चंदगडकर बेळगावलाच येत राहिले. मालकानं सोसायटीचं कर्ज काढून डिझेल इंजिन बसवून घेतलेलं. लग्नसराईची भाडी ठरलेली, आणि गाडी तर ठोकत होती, काळा धूर सोडत होती. कुठल्याशा गॅरेजात दुसऱ्याच गाडीची जुनी नोझलं बसवलेली. पिंटलचीच, आटे तंतोतंत जुळलेले, म्हणून कोणाला संशय नाही. इंजिन खोलायचं तर पुन्हा कर्ज.

काकांनी आधी नोझलं काढली, भिंग लावून नंबर वाचले. "आटे जुळले म्हणून सोयरीक जुळत न्हाई ओ," म्हणाले. मग टेस्टरवर लावून हँडल मारलं. चांगलं नोझल कर्र कर्र आवाज करतं आणि धुक्यासारखं फवारतं. यातली दोन नुसती थेंब गाळत होती, बाकी दोघांचा दाब वेगवेगळा. प्यूजोच्या नंबरची चार नवी आणली. स्प्रिंगखाली पत्री घालून चौघांचा दाब सारखा केला. ०.०५ मिलिमीटरच्या पत्रीनं साधारण ५ बार वाढतात, त्यामुळं पुन्हा पुन्हा खोलून बघायचं. तांब्याचे वॉशर सगळे नवे आणि एका जाडीचे, कारण जाडी बदलली की नोझलचं तोंड आत-बाहेर होतं. रात्री दहाला गाडी सुरू झाली. पिस्टन वाचले होते. मालक काकांच्या पाया पडायला वाकला, तसं काकांनी त्याला थांबवून पायपाची नटं पुन्हा आवळायला लावली.

इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात करायला मात्र त्याला कोल्हापूर गाठावं लागलं. काम बेळगावात, कागद कोल्हापुरात. सीमाभागात हे कोणाला नवीन नाही.

कॉमन रेल आलं तेव्हा काका थकले होते. आता इंजेक्टरचा कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो, नुसती पत्री चालत नाही. पंप-रूम बंद केली, टेस्टर मात्र अजून माळ्यावर आहे. चंदगड, खानापूर, निपाणी भागात कोणाकडं तसली डिझेल केलेली जुनी जीप अजून चालत असेल, तर फोटो टाका. आणि नोझलचा नंबर वाचता आला तर तोही लिहा, काकांच्या वहीशी ताडून बघतो.